साध्या टेक्स्ट फाइलींतून संकेतस्थळ: तयार जनरेटर की स्वतःची जुळवाजुळव?

शाईपेन
गेली अकरा वर्षं मी एक छोटं संकेतस्थळ चालवतो आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीवर लिहितो, आजवर तीनशे बारा लेख झाले. सगळे डेटाबेसमध्ये. मागच्या महिन्यात एक प्लगइन अपडेट केलं आणि साइटच्या जागी नुसतं पांढरं पान दिसायला लागलं. बॅकअप होता, पण तो जुन्या आवृत्तीचा होता आणि ती आवृत्ती नव्या पीएचपीवर चालेना. दोन रात्री जागून सगळं परत मिळवलं. त्या दोन रात्रींत एक गोष्ट मनात पक्की बसली: माझं लिखाण म्हणजे शेवटी अक्षरं, आणि ती वाचता यावीत म्हणून मला तीन-चार प्रोग्राम सतत जिवंत ठेवावे लागतात.

आता प्रत्येक लेखाची एक साधी मार्कडाउन फाइल (तारे-रेघांच्या खुणांनी मांडणी सांगणारी टेक्स्ट फाइल) करायची आणि त्यातून स्थिर एचटीएमएल पानं काढायची, हे नक्की. अडलंय ते पुढे. जेकिल, ह्यूगो असा फाइलींची पानं बनवून देणारा तयार जनरेटर घ्यावा, की पॅनडॉक (मजकूर एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारा प्रोग्राम) आणि मेकफाइल (काय कशापासून बनवायचं हे मेक या प्रोग्रामला सांगणारी फाइल) घेऊन स्वतः जुळवावं? टर्मिनलची थोडी ओळख आहे, प्रोग्रामर नाही. ज्यांनी अशी साइट पाच-सात वर्षं टिकवली आहे त्यांचे अनुभव जास्त हवेत.

रातकिडा
ह्यूगो घ्या आणि लिहायला लागा. एकच फाइल उतरवायची, ती चालवायची, बाकी काही बसवावं लागत नाही. माझे सातशेच्या वर लेख आहेत आणि अख्खी साइट डोळ्याची पापणी लवेपर्यंत तयार होते. स्वतः जुळवण्यात वेळ घालवू नका, तो लेखांना द्या.

जुना खलाशी
रातकिड्याचं वेगाबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण तीनशे लेखांना वेग हा प्रश्नच नाही.

जेकिल २००८ साली आलं, मी पुढच्याच वर्षी त्यावर गेलो. सहा वर्षांनी मशीन बदललं, जेकिल ज्या भाषेत लिहिलंय त्या रूबीची आवृत्ती बदलली आणि तिची जुनी जोड-पॅकेजं, म्हणजे जेम्स, एकमेकांशी जुळेनात. शेवटी नाद सोडला आणि ह्यूगोवर जायचं ठरवलं. लेखांच्या फाइली होत्याच, त्या नव्या फोल्डरमध्ये हलवणं हे एका संध्याकाळचं काम. त्यानंतर अकरा दिवस गेले ते वेगळ्याच कारणाने. चित्रं, ओळी रंगवलेले कोडचे तुकडे, लेखांतर्गत लिंका हे सगळं मी जेकिलच्या खास महिरपी कंसांच्या टॅगमध्ये लिहिलं होतं. ह्यूगोच्या लेखी ते टॅग म्हणजे नुसती अक्षरं. प्रत्येक फाइल उघडून हाताने काढले.

तेव्हापासून एकच पथ्य पाळतो: फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता आली पाहिजे, आणि ती कुठल्या जनरेटरसाठी लिहिली आहे हे ओळखू येता कामा नये. चित्र हवं तर मार्कडाउनचं साधं चित्र. नाहीच भागलं तर सरळ एचटीएमएल. ह्यूगोचे शॉर्टकोड, म्हणजे त्याच्या स्वतःच्या खास खुणा, हासुद्धा त्याच जातीचा सापळा आहे, रातकिडा. तुमच्या सातशे फाइलींत किती शॉर्टकोड आहेत ते एकदा मोजून बघा.

रातकिडा
मोजले. चारशे अठरा. जवळजवळ सगळे चित्रांचे.

मेधा_व
मी पॅनडॉक आणि मेक वापरते, नववं वर्ष आहे. मेक १९७६ पासून आहे आणि पॅनडॉक २००६ पासून, त्यामुळे ही जोडी उद्या नाहीशी होईल अशी धास्ती वाटत नाही.

मुळातली कल्पना दोन ओळींची आहे. मेकफाइलमध्ये एक नियम लिहायचा: कुठलीही एचटीएमएल फाइल दोन गोष्टींवर अवलंबून आहे, त्याच नावाची मार्कडाउन फाइल आणि टेम्प्लेट. मेक फक्त फाइलींच्या बदलाच्या वेळा ताडून बघतं. लेख बदलला तर तेवढंच पान नव्याने तयार होतं, टेम्प्लेट बदललं तर सगळी. रोजच्या कामात हे इतकं अंगवळणी पडतं की मागे काही यंत्रणा आहे हे विसरायला होतं.

अडचणी सुरू होतात त्या अनुक्रमणिका आणि फीड (नियमित वाचकांना नवे लेख कळवणारी फाइल) यांपाशी. ही पानं एका लेखावर अवलंबून नसतात, सगळ्या लेखांवर असतात. त्यासाठी मी पायथनची साठेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली आहे. ती प्रत्येक फाइलीच्या माथ्यावरचं शीर्षक आणि तारीख वाचते आणि यादी बनवते. दुसरं म्हणजे, लेख काढून टाकला तरी त्याचं जुनं एचटीएमएल तिथेच राहतं, मेक ते पुसत नाही. म्हणून सर्व्हरवर चढवण्याआधी मी पूर्ण साफ करून नव्याने बिल्ड करते.

शाईपेन, व्युत्पत्तीचे लेख म्हणजे तळटीपा भरपूर असणार. मूळ मार्कडाउनमध्ये तळटीपा नाहीत, कॉमनमार्क या मार्कडाउनच्या काटेकोर नियमावलीतही नाहीत. पॅनडॉकमध्ये त्या उत्तम चालतात. माझ्या मते तुमच्यासाठी ही एकच गोष्ट पॅनडॉककडे वळायला पुरेशी आहे.

विहंग
मेकफाइलमध्ये नियमाखालची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते, स्पेसने नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एडिटर परस्पर टॅबच्या स्पेस करून टाकतो आणि मेक फक्त ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतं. माझी अख्खी दुपार त्यात गेली होती.

रातकिडा
तळटीपा ह्यूगोमध्येही चालतात, मेधाताई. पण जुन्या खलाशांनी सांगितलेलं मनाला लागलं आहे. रविवारी बसून ते चारशे अठरा काढणार.

काना_मात्रा
मराठी लिहिणाऱ्यांना मार्कडाउनमध्ये एक खड्डा हमखास लागतो, तो सांगते. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहितो. अधोरेषेने तिरपं केलेलं _धागा_ला हे तिरपं होतच नाही, कारण शब्दाच्या मधोमध आलेली अधोरेषा कॉमनमार्क खूण मानत नाही. तारांकन चालतं. म्हणून अधोरेषा वापरूच नका.

पण तारांकनही एका ठिकाणी फसतं. शब्द अवतरणचिन्हांत असेल आणि तो अवतरणासकट ठळक करून पुढे प्रत्यय जोडलात, म्हणजे \*\*‘धागा’\*\*ला असं लिहिलंत, तर पानावर तारे जसेच्या तसे उमटतात. नियम असा की बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर आलं तर ते तारे बंद करणारे धरले जात नाहीत. उपाय सोपा आहे. अवतरणं बाहेर घ्यायची: ‘\*\*धागा\*\*’ला. व्युत्पत्तीच्या लेखांत ‘अमुक’पासून, ‘तमुक’वरून हे पानोपानी येणार, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि क्रमांकित यादीला इंग्रजी अंकच लागतात. देवनागरी अंकाने सुरू केलेली ओळ यादी होत नाही, परिच्छेदच राहते. याचा एक फायदाही आहे. इंग्रजी अंकांतलं साल आणि पुढे पूर्णविराम असा परिच्छेद सुरू झाला की मार्कडाउन त्याला यादी समजतं, देवनागरी सालाला ती भीती नाही.

शाईपेन
काना_मात्रा, अवतरण आणि प्रत्यय हे माझ्या लेखांत शब्दशः पानोपानी आहे! तसं लिहून बघितलं, तारे खरंच उमटतात. हे मला एकट्याला शोधायला आठवडा लागला असता.

फाइलींची नावं मराठीत ठेवावीत की रोमनमध्ये? लेखाचा पत्ता त्यावरूनच ठरणार.

दीपस्तंभ
रोमनमध्ये. ब्राउझरच्या पट्टीत मराठी पत्ता छान दिसतो, पण तो कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवला की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. ‘मराठी’ या पाच चिन्हांची पंचेचाळीस अक्षरं. शिवाय पत्ता आपोआप बनवणाऱ्या काही पायथन स्क्रिप्टा ‘शब्दातलं अक्षर नसलेलं’ सगळं गाळतात, आणि पायथनच्या अंगभूत रेगेक्सच्या (मजकुरात नमुने शोधणाऱ्या सोयीच्या) हिशेबात आपल्या मात्रा अक्षरं नाहीत. ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं.

काना_मात्रा
मला हे पटत नाही. मराठी लेखाचा पत्ता मराठीत असणं यात काहीही गैर नाही, आणि ज्या साधनाला मात्रा कळत नाहीत ते साधन दुरुस्त करायचं. पत्ता आपण ठरवतो, स्क्रिप्टने ठरवू नये.

विहंग
तत्त्व म्हणून काना_मात्रा यांच्या बाजूने, पण अनुभव दीपस्तंभांच्या बाजूने. माझ्या एका लेखाच्या फाइलनावात ‘वाऱ्याची’ हा शब्द होता. माझ्या जुन्या मॅकवर लिंक चालायची, सर्व्हरवर चढवली की ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. अक्षर न् अक्षर ताडून बघितलं, फरक दिसेना. शेवटी फाइलनावाचे बाइट उघडून बघितले. लेखातल्या लिंकमध्ये ऱ हे एकच चिन्ह होतं, आणि मॅकने फाइलनाव साठवताना त्याचे दोन केले होते: र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे. मॅक दोन्ही एकच समजतो, लिनक्स बाइट ताडतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइली. आरसिंकला, म्हणजे फाइली सर्व्हरवर चढवणाऱ्या प्रोग्रामला, दोन्हीकडचे संकेत सांगणारा पर्याय दिल्यावर सुटलं. मॅकची ती जुनी फाइल-प्रणाली असं करते, नवी एपीएफएस नाव जसं दिलं तसं ठेवते.

तेव्हापासून फाइलनाव रोमन, शीर्षक मराठी.

उंबरठा
थोडा विरोधी सूर. माझ्याही साइटवर डेटाबेस आहे आणि मी तो सोडणार नाही. आमच्याकडे चौघं जणं लिहितात, त्यातल्या दोघांनी टर्मिनल कधी पाहिलेलं नाही. ते ब्राउझरमध्ये लॉगिन करतात, लिहितात, बटण दाबतात. त्यांना फाइली, गिट (बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम), बिल्ड शिकवायला घेतलं तर लिहिणंच बंद होईल. वाचकांच्या प्रतिक्रिया तर आमच्या साइटचा अर्धा जीव आहेत. शाईपेन, तुमच्या साइटवर प्रतिक्रिया आहेत का? त्यांचं काय करणार?

जुना खलाशी
उंबरठा, तुमच्या जागी मीही डेटाबेसच ठेवला असता. चौघांनी लिहायचं म्हटलं की गणित बदलतं.

शाईपेन
प्रतिक्रिया आहेत, अकराशेच्या आसपास, आणि काही तर मूळ लेखापेक्षा मोलाच्या. मी एकटाच लिहितो, त्यामुळे बाकी अडचण नाही. पण प्रतिक्रियांचा विचार खरंच केला नव्हता.

मेधा_व
जुन्या प्रतिक्रिया लेखाच्याच फाइलीत खाली कायमच्या बसवा, नाव आणि तारखेसकट. नव्यांसाठी ईमेलचा पत्ता द्या. मी तसंच करते. आलेलं पत्र वाचते, लिहिणाऱ्याला विचारून फाइलीत जोडते. संख्या कमी झाली हे खरं, पण जी पत्रं येतात ती दोन-दोन परिच्छेदांची असतात. शोधासाठी पेजफाइंड बघा. ते बिल्डनंतर सगळी पानं वाचून सूची बनवतं आणि शोध वाचकाच्या ब्राउझरमध्येच होतो, सर्व्हरवर काही चालवावं लागत नाही.

कोरापाट
मध्येच विचारतो, शाईपेन व्याकरणावरही लिहितात म्हणून: ‘फाइल’ की ‘फाईल’? धाग्यात सगळे ‘फाइल’ लिहितायत.

शाईपेन
दोन्ही रूढ आहेत. मी ‘फाइल’ लिहितो. पण तुमच्या प्रश्नामुळे एक कळलं. काल चाळीस लेख टेक्स्टमध्ये आणले, त्यांत एकदा ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) मारून बघितलं. अकरा वर्षांत मी चौदा ठिकाणी ‘फाईल’ लिहिलंय. एका कमांडने सगळे सारखे केले. डेटाबेसमध्ये असताना हे कधी दिसलंच नव्हतं.

दीपस्तंभ
कुणी सर्व्हरकडे वळलं नाही, म्हणून लिहितो. पानं तयार करणं हे अर्धं काम आहे.

एनजिनएक्स (वाचकांना पानं पाठवणारा प्रोग्राम) घ्या, फोल्डर दाखवा, झालं, इतकं ते सोपं आहे. पण दोन-तीन गोष्टी पहिल्या दिवशीच करा. एक, सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये कॅरेक्टरसेट यूटीएफ-८ लिहा. पानाच्या आत मेटा टॅग असतोच, आणि तो पहिल्या १०२४ बाइटांत यावा लागतो. पण साध्या टेक्स्ट फाइलीत मेटा टॅग कुठून आणणार? वाचकांना मूळ फाइल द्यायची तर सर्व्हरनेच सांगायला हवं, नाहीतर मराठीच्या जागी चिन्हांचा चुराडा दिसतो. दुसरं, पानाची भाषा ‘एमआर’ लिहा, ‘एचआय’ नव्हे. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यावरूनच पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो.

आता चढवण्याबद्दल. बहुतेक जनरेटर दर बिल्डला सगळी पानं नव्याने लिहितात, मजकूर तोच असला तरी. एनजिनएक्स प्रत्येक फाइलीचा ईटॅग (पान बदललं का हे ब्राउझरला कळवणारी खूण) तिची बदलाची वेळ आणि आकार यांवरून बनवतो. म्हणजे तुम्ही एका लेखातला एक अनुस्वार सुधारलात आणि आरसिंकने वेळांसकट सगळं चढवलं, की तीनशे बारा पानांचे ईटॅग बदलतात. वाचकाच्या ब्राउझरला ‘बदल नाही’ असं ३०४ चं छोटंसं उत्तर मिळायचं, त्याऐवजी अख्खं पान पुन्हा जातं. उपाय: आरसिंकला वेळा पाठवायला सांगू नका आणि फाइली चेकसमने (मजकुरावरून काढलेल्या आकड्याने) ताडायला सांगा. मग ज्या पानाचा मजकूर बदललाय तेवढंच हलतं.

आणि आरसिंकचा डिलीट पर्याय. तो हवाच, नाहीतर काढलेले लेख सर्व्हरवर राहतात. पण एकदा माझं बिल्ड मधेच पडलं, तयार पानांचं फोल्डर रिकामं राहिलं आणि स्क्रिप्ट तशीच पुढे गेली. आरसिंकने इमानेइतबारे सर्व्हरवरचं फोल्डरही रिकामं केलं. मूळ फाइली जागेवर होत्या म्हणून चार मिनिटांत साइट परत उभी राहिली, तरी तेवढा वेळ छातीत धडधड होती. आता स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘चूक झाली की थांब’ अशी ओळ आहे, मुखपृष्ठाची फाइल नसेल तर पुढे जाऊ नये अशी तपासणी आहे, आणि कमाल किती फाइली पुसायच्या याची मर्यादाही आरसिंकला दिली आहे.

विहंग
यात भर: सुरक्षित जोडणीसाठीचं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फार तर ९० दिवसांचं. ते आपोआप नवं होतं, पण एनजिनएक्सला रीलोड केलं नाही तर तो जुनंच मेमरीत धरून बसतो. रीलोडची कमांड नूतनीकरणाला जोडून ठेवा.

उंबरठा
चार मिनिटांत साइट परत उभी, हे वाचून क्षणभर हेवा वाटला. आमची मागच्या वर्षी दीड दिवस बंद होती.

जुना खलाशी
शाईपेन, जुने पत्ते विसरू नका. अकरा वर्षांत तुमच्या लेखांना कुठून कुठून लिंका दिल्या गेल्या असतील. प्रत्येक जुन्या पत्त्याला नव्याकडे नेणारं ३०१ हवं. जुने पत्ते प्रश्नचिन्ह आणि क्रमांक अशा रूपात असतील तर एनजिनएक्सच्या लोकेशन नावाच्या नियमात ते जुळणार नाहीत, लोकेशन प्रश्नचिन्हानंतरचा भाग बघतच नाही. तिथे मॅप वापरावा लागतो: क्रमांक डावीकडे, नवा पत्ता उजवीकडे. फीडमधल्या नोंदींचे आयडी मात्र होते तेच ठेवा, बदललेत तर फीड वाचणाऱ्यांकडे सगळे जुने लेख नवे म्हणून येऊन पडतील.

शाईपेन
तीन आठवड्यांनी परत आलो. साइट परवापासून नव्या रूपात चालू आहे.

शेवटी पॅनडॉक आणि मेक घेतलं, ते तळटीपांमुळे. लेख डेटाबेसमधून एचटीएमएल म्हणून काढले आणि पॅनडॉकनेच त्यांचं मार्कडाउन केलं. पहिल्या खेपेला प्रत्येक फाइलीत डिव्ह आणि स्पॅन या एचटीएमएल टॅगांचा गाळ आला, ते दोन पर्याय बंद केल्यावर मजकूर स्वच्छ झाला. ओळी बहात्तराव्या स्तंभाला तोडणंही बंद केलं, नाहीतर एक शब्द बदलला की परिच्छेदाच्या सगळ्या ओळी गिटमध्ये बदललेल्या दिसत. अठ्ठावीस फाइली शीर्षकातल्या अपूर्णविरामामुळे अडल्या. फाइलीच्या माथ्यावरची माहिती यॅमल या पद्धतीने लिहितात, आणि त्यात अपूर्णविराम आणि पुढे स्पेस आली की त्याला वाटतं नवी नोंद सुरू झाली. शीर्षकं अवतरणांत टाकली.

पत्ते रोमनमध्ये घेतले. काना_मात्रा, तुमचं म्हणणं मनातून पटतं, पण माझ्याकडे विहंग यांच्यासारखाच जुना मॅक आहे. मॅपमध्ये तीनशे बारा ओळी आहेत आणि त्या मी एकेक करून तपासल्या. प्रतिक्रिया मेधाताईंनी सांगितल्याप्रमाणे लेखांच्या फाइलीत बसवल्या. ते करताना सगळ्या पुन्हा वाचून झाल्या. दहा वर्षांपूर्वी एका वाचकाने ‘कोनाडा’ शब्दावरच्या लेखात माझी चूक दाखवली होती आणि मी ती दुरुस्तच केली नव्हती. आता केली.

एक अडलंय. काही लेखांत जुन्या ओव्या आहेत. मार्कडाउनमध्ये ओळ तोडायला शेवटी दोन स्पेस दिल्या होत्या, पण माझा एडिटर सेव्ह करताना त्या गाळतो आणि चारही चरण एका ओळीत येतात.

मेधा_व
ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ द्या, कॉमनमार्क आणि पॅनडॉक दोन्हीकडे चालते. ती डोळ्यांना दिसते आणि एडिटर तिला हात लावत नाही. पॅनडॉकपुरतंच बघायचं तर प्रत्येक चरणाच्या आधी उभी रेघ आणि स्पेस दिलीत की ओळी आणि सुरुवातीची मोकळी जागा जशीच्या तशी राहते. पण खलाशीकाकांचं पथ्य पाळायचं तर तिरकी रेघ बरी.

रातकिडा
चारशे अठरापैकी चारशे सहा काढले. उरलेले बारा नकाशांचे आहेत, त्यांना सरळ एचटीएमएल लिहितो आहे.

शाईपेन
तिरकी रेघ चालली. ओव्या आता चार चरणांत दिसतायत.